उंबऱ्याबाहेर नऊ जण

धर्मासाठी जीव द्यायची वेळ आली, तर माणूस मागेपुढे पाहत नाही. वरूडपासून चार किलोमीटरवर, पंजाबरावांच्या संत्र्याच्या बगिच्यात त्या सकाळी असे नऊ जण जमले होते. प्रश्न एवढाच होता, की खोलीत आधी कोणी शिरायचं.

खोली फवारणीच्या पंपांची. पाच महिन्यांपासून तिच्यात पंजाबरावांचा धाकटा भाऊ गोवर्धन राहत होता, कारण त्याला टीबी होता. आणि त्याच्या खाटेजवळ पास्टर एलिया गवई उभे होते, कारण गावातलं दुसरं कोणी तिथे उभं राहायला तयार नव्हतं.

रोज दहाला पास्टर स्कूटरवर यायचे. आधी माठ भरायचे, मग गोवर्धनच्या तळहातावर गोळ्या ठेवायचे, पाणी द्यायचे. गिळल्याचं त्याने 'आ' करून दाखवलं, की औषधाच्या कार्डावर खूण करायचे. मध्येच क्षणभर डोळे मिटायचे. प्रार्थना मनातल्या मनात. तोंडाने नाव काढायचं नाही, अशी गोवर्धनची अट होती. "गोळी तुमची घेतो, पास्टरसाहेब. देव माह्या मले पुरते." एकशे बेचाळीस दिवस अट पाळली गेली होती. पण खिडकीतून पाहणाऱ्याला दिसायचं ते असं : पाळक काहीतरी तोंडात टाकायला लावतो, वरून पाणी पाजतो, आणि डोळे मिटतो. पंजाबरावांच्या चुलत पुतण्याने, मनोजने, 'बाटवणं चाललंय' म्हणून याचा व्हिडिओ काढला होता.

"ए पास्टर, बाहेर ये," मनोज म्हणाला.

"काहून? तुमी आत या ना."

नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आत आलो तं लागन काय ते?" मनोजच्या मागून शुभमने विचारलं.

'हो' म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत कोणी उंबरा ओलांडला नसता. खोट्याबद्दल शास्त्रात काय लिहिलं आहे ते पास्टरांना तोंडपाठ होतं. ते अडचणीचं आहे, असं त्यांना आज पहिल्यांदाच वाटलं.

"नाही लागत आता," ते म्हणाले. "तीन महिने झाले, थुंकी साफ आहे त्याची."

"फसवून राहिला बे," मनोज म्हणाला. "आपल्याले आत घ्याचा प्लॅन हाय त्याचा." आणि सगळे दोन पावलं मागे सरले. सत्याने पास्टरांचं रक्षण केलं ते असं.

ते दिवसभर आत बसून राहू शकले असते. पण गोळ्या स्कूटरच्या डिक्कीत होत्या, आणि स्कूटर नऊ जणांच्या पलीकडे होती.

"राहू द्या आज," गोवर्धन म्हणाला. "एक दिवस नाही घेतली तं काय मरतो काय मी?"

याआधी दोनदा त्याने असाच एक दिवस राहू दिला होता. दोन्ही वेळा तो एक दिवस चार-चार महिने चालला. आता यानंतर द्यायला औषध नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

पास्टरांनी चष्मा काढून पंपावर ठेवला आणि ते बाहेर पडले.

संत्र्याच्या भरल्या फांद्यांना बांबूंचे टेकू दिलेले असतात. पोरांनी ते उपसायला घेतले तेव्हा नऊ जणांतले पंजाबराव पहिल्यांदा बोलले. "फळ असलेल्या झाडाचे नका काढू रे. फांदी मोडन." मग पोरांनी बिनफळाच्या झाडांचे काढले.

पहिला बांबू खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्याच्या मागे. तिसऱ्याने पुढचे दोन दात नेले. पास्टर बसले, मग पडले, मग रांगू लागले. मारणाऱ्यांना वाटलं पळून राहिला. ते स्कूटरकडे चालले होते. डोक्यावर बसला तेव्हा डोळ्यांत रक्त उतरलं आणि स्कूटर दिसेनाशी झाली. तरी ते अंदाजाने रांगत राहिले. मग बरगडी मोडली आणि त्यांच्या तोंडून "येशू" निघालं. एकशे बेचाळीस दिवसांत त्या बगिच्यात हे नाव पहिल्यांदाच निघत होतं.

"घ्या," मनोज म्हणाला. "आता तं कबूल केलं." आणि त्याने बांबू शुभमकडे देऊन मोबाइल काढला.

मोबाइलच्या चौकटीत गोवर्धन आला. अनवाणी, बनियनवर. तो मनोजपासून हातभर अंतरावर थांबला आणि त्याच्या तोंडावर खोकला.

त्याला महिनाभरात खोकला आला नव्हता, म्हणून तो नीट जमला नाही. पण पुरला. नऊ जण ठिबकच्या नळ्या तुडवत, चपला सोडून पळाले. पंजाबराव बगिच्याचे मालक, म्हणून ते सगळ्यांत शेवटी पळाले.

गोवर्धनने डिक्की उघडली. चार गोळ्या पाण्याशिवाय गिळल्या, पास्टरांजवळ उकिडवा बसला आणि 'आ' केला.

"दिसलं काय जी?"

"दिसलं," पास्टर म्हणाले. त्यांचा एक डोळा मिटला होता आणि दुसऱ्यात रक्त होतं. कार्डावरची खूण त्यांनी चाचपून केली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नऊ जणांनी थुंकीच्या डब्यांसाठी रांग लावली. डॉक्टर म्हणाले, कालचं खोकलणं आज तपासणीत दिसत नसतं; दिसलाच, तर तो आधीपासूनचा टीबी असतो. नऊ जणांनी ऐकलं नाही. शेवटी कटकट नको म्हणून डॉक्टरांनी डबे दिले.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आले. नऊपैकी आठ साफ होते.