सुईची चाल

लिस्बनहून गोव्याला निघालेल्या जहाजाचा नाखवा ब्रास तावेरा याला पुस्तकी माणसांचा मनस्वी तिटकारा होता. त्यात या खेपेला क्वारेझ्मा नावाचा पंडित त्याच्या गळ्यात पडलेला. जहाजावर सगळे त्याला 'मेश्त्र', म्हणजे गुरुजी, म्हणत. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजलं, की जहाज पूर्वेला किती आलं ते कळतं, असं या पंडिताचं म्हणणं.

भर समुद्रात वारा पडला. शिडं लोंबली, प्यायचं पाणी आटत चाललं. तरी रोज सूर्याच्या सावलीशी ताडून पाहावं, तर सुई आणखी ढळलेली.

"जहाज चाललंय, नाखवा. लवकरच किनारा लागेल," क्वारेझ्मा म्हणाला.

ब्रासनं लाकडाची ढलपी पाण्यात टाकली. ती जहाजाला चिकटूनच तरंगत राहिली.

"चाललंय, मेश्त्र, चाललंय! फक्त सुई पुढे गेली अन् आम्ही मागं राहिलो!"

खलाशी खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी ढलपी तिथंच होती. सुई पुन्हा ढळली होती. तेवढ्यात डोलकाठीवरचा खलाशी ओरडला, "जमीन!"

"उन्हानं टाळकं फिरलंय गाढवाचं," म्हणत ब्रास स्वतः वर चढला.

किनारा खरंच होता. वाळूवर माणसं दाटीनं उभी होती, सगळी समुद्राकडे पाठ करून. ब्रासनं जीव खाऊन हाक मारली. एकही मान वळली नाही.

त्यानं खाली पाहिलं, ढलपी अजून जहाजाला चिकटूनच होती. मग त्याच्या ध्यानात आलं. जहाज तसूभरही हललं नव्हतं. सुई ढळेल तसा किनाराच जवळ येत होता.

"मेश्त्र!" तो वरून किंचाळला. "ती सुई थांबवा!"