आबांचे उपकार

“याच त्या, ज्यांना आपल्या आबांनी वाचवलं!” मुख्याध्यापक भावसिंग सर माईकमध्ये ओरडले आणि शाळेचं सगळं मैदान कमरजहाँकडे वळलं.

सतरा सप्टेंबरचं झेंडावंदन नुकतंच उरकलं होतं. स्टेजवर मधल्या खुर्चीत फेटा बांधून सुदाम आबा बसले होते. वय नव्वदीपार, गावातले शेवटचे स्वातंत्र्यसैनिक. दर मुक्तिदिनाला ते एकच गोष्ट सांगत. निजाम शरण आला, गाव रझाकारांचा सूड घ्यायला निघालं, आणि पिंजाऱ्याच्या घरात कापसाच्या ढिगात दडलेलं एक लेकरू आबांनी वाचवलं. गोष्ट गावाला तोंडपाठ होती. त्या लेकराच्या बापाचं पुढं काय झालं, हे विचारावं असं मात्र कुणाला कधी वाटलं नाही. त्या दिवसांचा खटला कुणावर लागला नाही. आबांना पेन्शन तेवढी लागली.

यंदा ते लेकरूच सापडलं. आखाडा बाळापूरला राहत होतं आणि आता म्हातारं झालं होतं. आबांचा मुलगा संतोष गावचा उपसरपंच. त्याने स्वतःची जीप पाठवून कमरजहाँला आणवलं. तिनं आबांना शाल पांघरवायची, दोन शब्द बोलायचे, फोटो निघायचा, असा बेत होता.

नातू अफरोज तिला हाताला धरून स्टेजच्या पायरीपर्यंत घेऊन आला. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान याच गावात होतं, आणि तेही संतोषच्याच गाळ्यात.

“दादी, शाल डालो, शुक्रिया बोलो और उतर जाओ,” तो कानाशी पुटपुटला. “और कुछ नक्को बोलो. मेरेकू यहींच रहना है.”

कमरजहाँने त्याच्याकडे पाहिलं. पोरगा घाबरला होता. भीती तिलाही वाटत होती, पण राग त्याहून मोठा होता आणि भीतीपेक्षा जुना होता.

आधी संतोष बोलला. “काही शहाणे आता म्हणून राहिले, की तवा गावानं वाईट केलं. रझाकारांनी आपली माणसं जित्ती जाळली, तवा हे शहाणे कुठं होते? लढाई होती ती! लढाईत सुक्याबरोबर ओलंबी जळतं. पण माझ्या बापानं माणुसकी सोडली न्हाई!”

टाळ्या पडल्या. माणसं जाळली होती हे खोटं नव्हतं. कमरजहाँने लहानपणी तो धूर पाहिला होता. पण तिच्या बापाने कापूस पिंजायची कमान सोडून जन्मात दुसरं काही हातात धरलं नव्हतं. गावातल्या निम्म्या गाद्या त्याच्याच हातच्या होत्या. त्या गाद्यांवर रात्री सुखानं झोपलेली माणसं सकाळी त्याच्या दारात आली होती.

भावसिंग सरांनी तिच्या एका हातात शाल दिली, दुसऱ्यात माईक. शाल तिने खुर्चीवर ठेवून दिली.

“मला वाचवलं म्हणता,” ती म्हणाली. आवाज चिरका होता, पण स्पीकर दणदणीत होता. “बराबर हाय. मी जित्ती हाय. मला एवढंच सांगा आबा, तुमी मला वाचवलं ते कुणापासून?”

तिने माईक आणखी जवळ धरला.

“रझाकार तर पळाले होते. मिलिटरी पुढं निघून गेली होती. मग आमच्या घरात कोण शिरलं होतं? माझ्या बापाला कोणी मारलं? नावं घ्या.”

“ए म्हातारे, काहून उकरून राहिली?” पहिल्या रांगेतून एकजण उठला.

“जीव वाचवला त्याचे बरे पांग फेडले!”

“अफरोज, उतरव तिला! न्हाईतर उद्यापासून शटर उघडायचं न्हाई!”

अफरोज एक पायरी वर चढला आणि तिथंच थांबला. आजीच्या हाताला काही त्याने हात लावला नाही. भावसिंग सर माईक बंद करायला धावले, पण स्पीकरचं मशीन मैदानाच्या पार कडेला होतं, आणि मशीनवाला चहाला गेला होता.

या सगळ्यातलं आबांना काहीच कळलं नव्हतं. त्यांना ऐकू कमी यायचं. म्हातारी आपल्याकडे बघून काहीतरी बोलली आणि लोक उठून उभे राहिले, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी संतोषची बाही ओढली. “काय म्हणून राहिली रे?”

संतोषने कमरजहाँकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. बापाच्या कानाशी तोंड नेऊन तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “उपकार मानून राहिली, आबा! तुमचे उपकार!”

आणि त्यानेच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेला सुटल्यासारखं झालं. मागच्यांनीही वाजवल्या.

आबांचा चेहरा खुलला. त्यांनी कमरजहाँला खुणेनं जवळ बोलावलं. ती गेली. त्यांनी तिच्या हातातला माईक अलगद आपल्याकडे घेतला आणि टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. कुणी आपलं कौतुक केलं की ते नेहमी थोडे लाजत, तसेच लाजले.

“उपकार कायचे, बाई,” ते म्हणाले. “तुझ्या बापावरच माझा हात भरून आला व्हता. पुन्हा कुऱ्हाड उचलंना. म्हणून वाचलीस तू.”