मधे बोलायचं नाही

नवी वेबसाइट पास व्हायची, तर कधीही ऑनलाइन तिकीट न काढलेल्या एका म्हाताऱ्या माणसाने पाच मिनिटांत, कुणालाही न विचारता विमानाचं तिकीट काढून दाखवायला हवं होतं. या चाचणीसाठी ठरलेले आजोबा ऐनवेळी आलेच नाहीत. म्हणून डिझायनरने घरून आपल्या वडिलांनाच आणून कॉम्प्युटरसमोर बसवलं. वर्षभरापूर्वी आई गेल्यावर ही लेक त्यांना आपल्याकडे घेऊन आली, तेव्हापासून ती त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नव्हती. “तुम्ही बसा हो बाबा, मी आहे ना!”

“पैसे खरे जाणार नाहीत, काका. मनापासून जिथे जावंसं वाटतं, तिथलं तिकीट काढा,” म्हणत तिच्या साहेबांनी घड्याळ लावलं आणि ते तिच्याकडे वळले. “तू मधे एक अक्षर बोलायचं नाही.”

बाबांनी चष्मा पुसला. एका बोटाने आपलं जुनं शहर शोधलं, तारीख उद्याची निवडली. ‘परतीची तारीख’ आली आणि त्यांचा हात थबकला. एक मिनिट गेलं. तिचा जीव टांगणीला लागला. सहा महिन्यांची मेहनत आता पाण्यात जाणार! मग बाबांनी ‘फक्त जाण्याचं’ हे बटण दाबलं आणि भराभर पुढे गेले.

चार मिनिटं, दहा सेकंद. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिचा जीव भांड्यात पडला.

 

बाबांनी खिशातून आपलं कार्ड काढलं आणि तिच्याकडे न बघता साहेबांना हळूच विचारलं, “आता हेच खरं काढायचं असेल, तर कुठे दाबू?”