नारिंगी जाकिटातली बाई

विमानाचं इंजिन सुरू झालं, तशी नारिंगी जाकिटातली एक बाई पुढे झाली. दिगंबरच्या गळ्यात लोंबणारा इअरमफ तिनं खुशाल त्याच्या कानांवर चढवला, आणि काचेआडून बघणाऱ्या त्याच्या बायकोच्या, कुंदाच्या, तळपायाची आग मस्तकाला गेली.

कामगारांच्या घरच्यांना विमानतळ दाखवायचा दिवस होता. कुंदा हौसेनं ठेवणीतली साडी नेसून आली होती. बघते तर काय, त्या घरघराटात हे दोघं नुसत्या हातवाऱ्यांनी गप्पा मारतायत! तिनं बोटं नाचवली की हा हसायचा. घरी कुंदानं घसा फोडला तरी उत्तर एकच, "काय?"

संध्याकाळी तिनं विचारलंच, "कोण हो ती?"

"काय?"

"ती! तुमच्या कानाला हात लावणारी!"

"ती होय! रोज रागावते मला. म्हणते, निम्मं ऐकू येणं गेलंच आहे, उरलेलं तरी सांभाळा."

इतकी वर्षं आपण नुसता आवाज चढवत राहिलो, आणि कान झाकायचं सुचलं ते त्या बयेला! हेच कुंदाला जास्त झोंबलं.

सकाळी तो कामाला निघाला, तर ती दारातच आडवी आली. पिशवीतला इअरमफ काढून तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या कानांवर घट्ट बसवला.

"आता तिथं कुणी हात लावायचा नाही. कळलं?"

दिगंबरला अक्षरही ऐकू आलं नाही. पण या वेळी त्यानं "काय?" विचारलं नाही. अंगठा वर केला, आणि शेजाऱ्यांच्या देखत तसाच जिना उतरला.