सासऱ्याच्या ओळी

"बदललेलं एकूण एक वाक्य काढ," लेखिकाबाई भाचीला म्हणाल्या. "आज सोक्षमोक्षच लावते."

भाचीने लॅपटॉप मेकअपच्या आरशासमोर ठेवला. एका फाइलमध्ये मावशीने लिहिलेलं नाटक होतं, दुसरीत कालच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप केलेलं. दोन्ही फाइली ओळीला ओळ लावून ताडून पाहायच्या आणि फरकाच्या ओळी तेवढ्या तिसऱ्या फाइलमध्ये साठवायच्या, एवढंच करणारा चिमुकला प्रोग्रॅम तिने लिहिला होता. तिने कळ दाबली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फाइल तयार!

नायक-नायिका शब्दाला पक्के निघाले. फाइलभर नुसता सासरा. म्हणजे सासऱ्याचं काम करणारे काका.

काका कोपऱ्यात मिशी चिकटवत होते. त्यांचा हात थांबला. 'उद्यापासून सासरा बदला,' असं बाईंनी निर्मात्याला बजावलं होतं, आणि ते काकांच्या कानावर आलं होतं.

"ऐका सगळ्यांनी," बाई म्हणाल्या. "मी लिहिलं, 'जावईबापू, आपण आलात, अतिशय आनंद झाला.' हे म्हणाले, 'जावईबापू, आलात? बरं झालं. परत कधी निघताय?'"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी डोळे वटारले.

"पुढे. मी लिहिलं, 'डॉक्टरांनी मला काम बंद करायला सांगितलं आहे.' हे म्हणाले, 'डॉक्टर म्हणाले, काम बंद करा. मी म्हटलं, आधी सुरू तर करू...'"

पुढचं बाईंना वाचवेना. त्यांनी ओठ घट्ट मिटून पाहिले, पण हसू नाकातून फुटलंच. मग भाची, मग नायिका, मग कपडेपटवाला. खोली दणाणली. चष्मा काढून डोळे पुसत बाई खाली खाली वाचत गेल्या. काका तेवढे अर्धी मिशी धरून बघत होते.

"अहो, सुचतं कसं हे तुम्हाला?"

"तुमचं वाक्य विसरलो की सुचतं," काका चाचरत म्हणाले. "समोर माणसं बसलेली असतात. काहीतरी बोलायला तर हवं."

बाई क्षणभर लॅपटॉपवरच्या आपल्या ओळींकडे बघत राहिल्या. मग भाचीला म्हणाल्या, "माझ्या काढ, ह्यांच्या घाल. आजपासून हेच नाटक. आणि काका, सासरा तुम्हीच. पण यापुढे कानामात्रेचा फरक चालायचा नाही, सांगून ठेवते!"

काकांचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला.

"म्हणजे बाई," लोंबती मिशी सावरत त्यांनी विचारलं, "आता हे पाठ करायचं?"