टिचलेल्या बांगडीतले धागे

"हे धागे आरोपीच्या फेट्याचे नाहीत," साक्षीच्या पिंजऱ्यातून नीळकंठ कुळकर्णी म्हणाले, आणि सरकारी वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं.

नांदुऱ्याजवळच्या विहिरीत कौसल्येचं प्रेत सापडलं, तेव्हा तिच्या हातातली एक बांगडी टिचलेली होती. फटीत दोन हिरवे धागे अडकले होते. पोलीस म्हणाले, नवऱ्यानं ढकललं आणि झटापटीत त्याच्या हिरव्या फेट्याचे धागे निघाले. नवरा पुंजाजी म्हणाला, ती आपणहून पडली. पाहणारं कुणी नव्हतं. सगळी भिस्त त्या दोन धाग्यांवर होती.

नीळकंठरावांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत ते कितीदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. फेटा बारीक सुताचा होता. हे धागे हातमागाच्या लुगड्याचे, हिरव्यात पिवळा पीळ असलेले. त्यांनी सासरचं एकूण एक लुगडं मागवलं. सासूचं, नणंदेचं, कामवालीचंसुद्धा. एकही जुळलं नाही.

"पण झटापट झाली, हे तर नक्की?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो. धागे ओढूनच तुटले आहेत."

वकिलांच्या जिवात जीव आला. मागच्या बाकावर कौसल्येची आई, वच्छलाबाई, बसली होती. जावयाला शिक्षा झालेली डोळ्यांनी बघायची, एवढ्यासाठी ती धाड गावाहून प्रत्येक तारखेला येई. आता ती उभी राहिली.

"ते माह्या लुगड्याचे हायेत, सायेब."

वकिलांनी खाली बसायची खूण केली. ती बसली नाही.

"मेली त्याच दिवशी सकाळी पोरगी घरी आलती. म्हणे, माय, मले तिकडं धाडू नको. पदर धरला, तो सोडेच ना. लोकं काय म्हणतीन, म्हणून म्या एकेक बोट सोडवलं. दिल्या घरी सुखी राय म्हटलं अन् एस.टी.त बसवून देल्लं."

माहेरचं लुगडं मागवावं, हे नीळकंठरावांना सुचलंच नव्हतं. सुचलं नाही तेच बरं, असं त्यांना वाटलं.

पुंजाजीचे वकील ताडकन उठले. "ऐकलंत, साहेब? म्हणजे झटापट झालीच नाही!"

"झाली ना, सायेब," वच्छलाबाई म्हणाली. "माह्यासंगं झाली."