तोकांचा रोजा

"सुई टोच, औषध दे. साखर तेवढी अंगात जाऊ देणार नाही," तोक याकुब म्हणाले आणि दंड छातीशी घट्ट धरून पडून राहिले.

मलेशियातल्या केलांतानच्या त्या लहानशा इस्पितळात तो हात ओढून घ्यायची कोणाची छाती होती? निम्म्या वॉर्डाला कुराण वाचायला तोकांनीच, या म्हाताऱ्या गुरुजींनीच, शिकवलेलं. डॉक्टर हुस्नालाही. उच्चार चुकला की बोटांवर छडी बसायची.

हुस्नाने मॉनिटर पाहिला. नाडी चाळिशीच्या खाली, रक्तदाब उतरत चाललेला. कॅल्शियमच्या इंजेक्शनने जरा उभारी आली आणि गेली. आता इन्सुलिनचा मोठा डोस हवा होता. अशा वेळी त्यानेच हृदय पुन्हा जोर धरतं. पण त्याच्या जोडीला साखरेची सलाईन लावावीच लागते, नाहीतर रक्तातली साखर उतरून माणूस हातचा जायचा. आणि सलाईनमधून साखर गेली की रोजा मोडला.

"पण केलंत काय हे, तोक?"

"आठवडाभर रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या. आज पहाटे सहरीच्या जेवणाबरोबर सगळ्या एकदम घेऊन टाकल्या. राहिलेलं भरून काढायचं असतं. तुला शिकवलं नव्हतं?"

पायाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, मेक यामने, डोळ्यांना ओढणी लावली. "सातव्या वर्षापासून एक रोजा मोडला नाही, त्याचाच तोरा सगळा. पोरी, शुद्ध गेली की लाव ती सलाईन."

"तोवर उशीर होईल, मेक."

हुस्नाने स्टूल ओढलं आणि पूर्वी बसायची तशी मान खाली घालून बसली. तिला भीती वाटत होती, अजूनही.

"तोक, टायफॉइडमध्ये माझे रोजे राहिले होते. एकाच दिवसात सगळे भरून काढते म्हणाले, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? हसलो असेन. वेडे, एका दिवसात एकच रोजा होतो. बाकीचे पुढे, एकेक करून..."

तोक बोलता बोलता थांबले. उशाशी मेक यामने आणून ठेवलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. ते त्यांच्याकडे बघत राहिले.

"गोळीचं तर तेवढंही नसतं," हुस्ना म्हणाली. "राहिली ती राहिली. आणि आजाऱ्याला रोजा माफ, हेही तुम्हीच शिकवलंत. आजचा नंतर भरून काढा. पण त्यासाठी आधी जगायला हवं."

मग तोकांनी छातीवरचा हात सोडला आणि तिच्यापुढे केला.

"बिस्मिल्ला म्हण आणि लाव."

सूर्य मावळून मगरिबची बांग झाली तेव्हा नाडी साठीला टेकली होती. वॉर्डात खजुरांचं ताट फिरू लागलं. तोकांनी त्यातला एक निवडून घेतला आणि हुस्नाला हाक मारली.

"हा तू खा. सकाळपासून उपाशी आहेस."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "आणि तुमचं काय, तोक?"

"माझा दुपारीच मोडला. जन्मात पहिल्यांदा." तोकांनी आवाज चढवला, पलीकडच्या भिंतीपर्यंत जाईल इतका. "त्या डॉक्टरीणबाईंनी मोडायला लावला. माझ्याच हाताखाली शिकलीय ती."